डांगऱ्याला सोडणारा शब्द

दाभोशाच्या वरच्या पाड्यावर वाळूइतका घाईचा माणूस दुसरा नाही. जव्हारहून येणारी एसटी घाटात बंद पडली की बाकीचे लोक उतरून सावली शोधतात; वाळू उतरतो आणि चालू लागतो. एकदा तो असाच तावातावानं निघाला. दोन वळणं गेल्यावर दुरुस्त झालेली एसटी त्याच्या शेजारून पुढे गेली आणि आत बसलेल्या अख्ख्या पाड्यानं त्याला खिडकीतून हात केला. घरी तो सगळ्यांच्या नंतर पोचला. तरी 'निदान बसून तर राहिलो नाय' हे तो अजूनही छाती काढून सांगतो. त्याची बायको हिरी म्हणते, नाचणीची भाकर दोन्ही बाजूंनी भाजलेली कशी लागते ते या माणसाला माहीतच नाही.

पोटासाठी तो जव्हारला अनीस मिस्त्रींच्या हाताखाली बिगारी करतो. नाव वाळू आणि काम वाळू वाहायचं, त्यामुळे अनीस मिस्त्रींचा दिवस "वाळू, वाळू आण" या एका वाक्यावर चालतो, आणि ते वाक्य पुरं व्हायच्या आत घमेलं येऊन पडलेलं असतं. नुकत्याच घातलेल्या कोब्यावर, वाळला का ते बघायला म्हणून, वाळूनं आजवर किती पावलं उमटवली आहेत याची गिनती मिस्त्रींनी सोडून दिली आहे.

तर अशा या माणसानं एका पिल्लाला धीर धरायला शिकवायचं मनावर घेतलं. पाड्यानं हसून घेतलं. पण वाळूला हसू येत नव्हतं, त्याला कारण होतं.

दोन महिन्यांपूर्वी फागीच्या अंगणात सुनिताची सुपारी फुटली होती. फागी ही वाळूची थोरली बहीण आणि सुनिता तिची एकुलती एक मुलगी. फागीचा नवरा तीन वर्षांपूर्वी वारला. तेव्हापासून त्या घराच्या बाजूनं उभा राहणारा पुरुष म्हणजे मामा, म्हणजे वाळू. म्हणून पहिल्या पंगतीत, मुलाकडच्या पाहुण्यांच्या मधोमध, त्याला मानानं बसवलं. पत्रावळींवर भात पडला. डाळ यायची होती. वीस-पंचवीस माणसं भाताकडे बघत गुपचूप बसली. वाळूनं भातात आळं केलं, आळ्याकडे बघितलं, चुलीकडे बघितलं, आणि शेवटच्या पाहुण्यापर्यंत पोचेल अशा आवाजात विचारलं, "डाळ काय दाजींबरोबर वर गेली का?"

तोंडातून बाहेर पडेपर्यंत तो विनोद होता. बाहेर पडल्यावर तो कसलाच राहिला नाही. दोन पाहुणे हसले आणि मग हसलो का म्हणून खाली बघू लागले. फागी डाळीचं पातेलं घेऊन वाळूच्या बरोबर मागं उभी होती. पंगतीचं टोक सोडून ती आधी भावाच्याच पानाशी आली होती. तिनं आळं भरलं आणि पुढच्या पानाकडे गेली.

आणि खरी लाजेची गोष्ट पुढेच आहे. वाळू ते जेवला. मागूनही घेतलं.

लाज त्याला घरी येऊन हात धुताना वाटली, आणि जी वाटली ती जाईना. त्या दिवसापासून फागी त्याच्याशी बोलली नाही. भांडण नाही, तक्रार नाही. समोरून आली तर वाटेच्या कडेनं जायची, एवढंच. सुनिताचं लग्न महिन्यावर आलं. मुलीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं असतं, पण मामाला कुणी 'ये' म्हटलं नाही आणि 'येऊ नको'ही म्हटलं नाही. वाळू रोज संध्याकाळी चूक कबूल करायला निघायचा, वाटेवरच्या मोहाच्या झाडापर्यंत जायचा आणि तिथून परत यायचा. ज्याला आयुष्यात कशासाठी थांबता आलं नाही, त्याला त्या झाडाच्या पुढे जाता येईना.

त्यात आणखी एक पंचाईत होती. पाड्यावर फोनला रेंज येते ती फक्त फागीच्या अंगणात, पाण्याच्या टाकीकडच्या कोपऱ्यावर. दोन महिने वाळूचा फोन पाड्यावर फक्त बॅटरी म्हणून वापरात होता.

अशात एके सकाळी सुनिता ओढणीत काहीतरी गुंडाळून आली. फागीच्या कुत्रीला पिल्लं झाली होती आणि त्यातलं एक वाळूला द्यायचं, असं सुपारीच्या आधीच ठरलं होतं. "आय म्हणते, शब्द दिला होता," एवढं सांगून सुनिता पिल्लू ठेवून गेली. पिल्लाचं पोट डांगरासारखं गोल होतं, म्हणून त्याचं नाव डांगऱ्या पडलं. बहीण आपल्याशी बोलत नाही, पण शब्द पाळते, हे बघून वाळूला डांगऱ्याच्या तोंडाकडे नीट बघवेना.

कुत्र्याला शिकवायची विद्या त्यानं ठाण्याहून आणली होती. मागे तो तिथं एका सोसायटीत वॉचमन होता. साहेबांच्या कुत्र्याला शिकवायला एक बाई यायच्या, आणि वाळू गेट सोडून त्यांचंच काम बघत उभा राहायचा. नोकरी त्यामुळेच गेली. बाई सांगायच्या, मुठीत खाऊ धरा. पिल्लू चाटेल, नाक खुपसेल, पंजा मारेल, मूठ उघडू नका. ते कंटाळून मागं सरकलं की त्याच क्षणी उघडा. मग त्याला कळतं, ओढाताण केली की मिळत नाही, थांबलं की मिळतं.

वाळूनं घरामागच्या कातळावर शाळा मांडली. पहिले चार दिवस शिकला तो वाळूच. पिल्लानं मूठ चाटली की त्याला गुदगुल्या व्हायच्या, मूठ उघडायची आणि सुकट पिल्लाच्या पोटात जायची. पाचव्या दिवशी डांगऱ्या कंटाळून मागं बसला आणि दोघंही चकित झाले. मग जुन्या लुगड्याच्या दोरीची ओढाओढ आली. ऐन रंगात 'सोड' म्हटलं की दोरी सोडायची. मग उंबऱ्यात थांबणं आलं. शेवटी सगळ्यात अवघड खेळ: समोर भाकरीचा तुकडा ठेवायचा, 'थांब' म्हणायचं आणि सोडणारा शब्द येईपर्यंत पिल्लानं तोंड लावायचं नाही. आधी तीन मोजेपर्यंत, मग दहा, मग वीस.

सोडणारा शब्द कुठला घ्यायचा यावर वाळूनं पुष्कळ विचार केला. ठाण्याच्या बाई म्हणायच्या, घरात सहज कुणी बोलणार नाही असा शब्द निवडा. 'घे', 'खा', 'चल' तर दिवसभर कानांवर पडतात. आपल्या घरात कधीच बोलला गेला नाही असा शब्द कोणता? वाळूला तो लगेच सापडला. 'चुकलं माझं.'

हिरीला त्यानं हे सांगितलं नाही. कारण खरं कारण दुसरंच होतं. रोज वीस वेळा पिल्लासमोर बोललं तर जीभ वळेल, आणि एक दिवस मोहाच्या झाडापलीकडेही वळेल, असा त्याचा हिशेब होता. कातळावर बसून तो हळूच म्हणायचा, "चुकलं माझं," आणि डांगऱ्या शेपटी हलवत भाकर उचलायचा. इतक्या लगेच माफ करणारं त्याला दुसरं कुणी भेटलं नव्हतं. पंधरा दिवसांत कुत्रा तयार झाला. वाळू मोहाच्या झाडापर्यंतच राहिला.

मग तो मंगळवार आला. सकाळी आठला त्यानं दारात भाकर ठेवली, "थांब" म्हटलं आणि आकडे मोजू लागला. अकरावर असताना खाली रस्त्यावर मंगेशच्या जीपचा हॉर्न वाजला. मंगेशची जीप भरल्याशिवाय हलत नाही हे पाड्यावरच्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे. पण वाळूनं हॉर्न ऐकला आणि डबा घेऊन धूम ठोकली. खाली जाऊन तो जीपमध्ये बसला आणि जीप भरेपर्यंत पुरा पाऊण तास मंगेशला बोल लावत राहिला. वर, हाकेच्या अंतरावर, डांगऱ्या बसला होता.

हिरी पाणी घेऊन आली तेव्हा तिला वाटलं, पिल्लू आजारी आहे. भाकर नाकासमोर, लाळेचं तळं झालेलं, पण तोंड लावत नाही. तिनं 'खा' म्हटलं. 'घे' म्हटलं. शेजारची जयवंती आली, तिनं यू-यू केलं, मग ठाण्याच्या कुत्र्यांना कळेल असं हिंदीतून सांगितलं. एका कोंबडीनं भाकरीचा कोपरा टोचून नेला. डांगऱ्या नुसता कुंईं करून राहिला. शेवटी हिरीनं त्याला पाटीत घातलं, भाकर त्याच्या समोर धरायला जयवंतीला दिली, आणि ही वरात फोन लावण्यासाठी वर निघाली. मागं जेवढी माणसं घरी होती तेवढी सगळी.

जव्हारला वाळू रेती चाळत होता. त्याच्या फोनच्या कानाच्या बाजूला सिमेंट जाऊन बसलं आहे, त्यामुळे त्याचे सगळे फोन स्पीकरवर आणि सगळ्या साइटचे असतात.

"अरे, तुझा कुत्रा हलत नाय," हिरी म्हणाली. "सकाळपासून भाकर बघत बसलाय. भाकर पण नाय बघत, तू गेलास त्या वाटेकडं बघतोय. काय सांगून गेलास त्याला?"

वाळूच्या हातातली चाळण खाली गेली. "सोडायचा एक शब्द आहे," तो म्हणाला.

"मग सांग, मी बोलते."

"तुझ्यानं नाय होणार. माझ्याच आवाजाची सवय आहे त्याला."

"बरं, मग तूच बोल. फोन त्याच्या कानाशी धरलाय."

वाळू बोलणार तोच त्याच्या ध्यानात आलं. "हिरी, तू उभी कुठं आहेस?"

"कुठं म्हणजे? रेंज कुठं येते?"

अनीस मिस्त्रींनी थापी खाली ठेवली. बाकीचे बिगारीही काम थांबवून बघू लागले. वाळूला इतका वेळ गप्प त्यांनी कधी बघितलं नव्हतं. त्यानं फोन तोंडाशी नेला आणि कातळावर म्हणायचा तसं हळूच म्हटलं.

"ऐकू नाय आलं," फोनमधून आवाज आला. तो हिरीचा नव्हता. दोन महिन्यांनी वाळू तो आवाज ऐकत होता.

कान लाल होणं म्हणजे काय ते साइटवर सगळ्यांनी बघितलं. वाळूनं डोळे मिटले आणि भर उन्हात, रेतीच्या ढिगाशी उभं राहून, पार रस्त्यापलीकडच्या पानवाल्यानंही वळून बघावं एवढ्या मोठ्यानं म्हटलं, "चुकलं माझं."

पलीकडे कुणीतरी भाकर खात असल्याचा आवाज आला, आणि मग फागीचा. "कुत्र्याला बोललास ते. मी नुसतं ऐकलं."

फोन बंद झाला. अनीस मिस्त्रींनी थापी परत उचलली. मग म्हणाले, "वाळूभाई, तू घरी जा. विटा काही पळून जात नाहीत." एरवी यावर त्यांनी दोन दिवस चेष्टा केली असती. त्यांनी केली नाही, म्हणून वाळूला जास्तच मेल्यासारखं झालं.

परतीची जीप भरायला तास लागला. वाळू कोपऱ्यात बसून होता. मंगेशनं दोनदा विचारलं, ताप आहे का?

संध्याकाळी तो मोहाच्या झाडापाशी थांबला नाही. थांबला असता तर परत फिरला असता. फागी चुलीपाशी होती. डांगऱ्या आईच्या पोटाशी झोपला होता. वाळूला बघून त्यानं शेपटी आपटली, जणू काही झालंच नव्हतं. वाळू ओट्यावर बसला. फागीनं ताटलीत भात आणून त्याच्यासमोर ठेवला, "थांब," म्हणाली आणि आत गेली.

तो थांबला. हात मांडीवर. आत भांडी वाजली, सुनिता दारातून डोकावून गेली, एक कोंबडी ताटलीपर्यंत आली आणि तिनं दोन शितं नेली. त्यानं तिला हाकललं नाही. आपल्याला तेवढा हक्क आहे की नाही याची त्याला खात्री नव्हती. बघायला भात होता, पण तो दाराकडेच बघत राहिला, आणि त्याला डांगऱ्याची सकाळ कळली. आपण येऊ, आणि येऊन बोलू, यावर त्या पिल्लानं केवढा भरवसा टाकला होता.

फागी पातेलं घेऊन आली आणि तशीच उभी राहिली.

"बाय," वाळू म्हणाला, आणि अडकला. वीस वेळा रोजच्या सरावाचा काडीचा उपयोग झाला नाही. "त्या दिवशी भुकेनं नाय बोललो मी. लोकांनी हसावं म्हणून बोललो. दाजींना घेऊन." मान खाली घालून तो भाताशी बोलला, मग मान वर केली. "चुकलं माझं."

"डाळ वर नव्हती गेली," फागी म्हणाली. "तुझ्या मागंच उभी होती."

तिनं डाळ वाढली. वाळूनं हात लावला नाही.

"आता काय?"

"तू सोडलं नाय अजून."

फागीच्या तोंडाचा एक कोपरा हलला. पण तिनं तो आवरला. "लग्नाला तेच पाहुणे येणार," ती म्हणाली. "पाठीशी उभा राहा तिच्या, आणि मग डाळ तू वाढायची. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. सगळी माणसं उठली की मग आपण बसायचं. जमेल?"

तीनशे माणसं. वाळूनं मनात पंगती मोजल्या. त्याच्या आयुष्यात त्याला याहून मोठी शिक्षा कुणी सुनावली नव्हती, आणि नाही म्हणायला त्याच्यापाशी तोंड नव्हतं. त्यानं मान हलवली.

"जेव," फागी म्हणाली.

भात गार झाला होता. आळं करायचं त्याच्या लक्षातच आलं नव्हतं, त्यामुळे डाळ ताटलीभर पसरली होती. वाळू कडेकडेनं जेवू लागला.