सुटं कूपन चालणार नाही

पिंपरीच्या आमच्या कारखान्यात नाना जेवणाचं कूपन कात्रीने कापत. नाना कँटीनचे मुख्य. कुणी टरकन फाडून दिलं, की ते हात मागे घेत. "फ्रेंच माणूस कापण्याला 'कूपे' म्हणतो. त्यातून झालं कूपन. तुम्ही दिलंत ते चिठोरं." तोवर रांग दारापर्यंत जाई.

विलायतेतले श्रीमंत कर्जरोख्याच्या कडेचे तुकडे कापून पेढीवर देत आणि घरबसल्या व्याज घेत. तीच मूळ कूपनं. मग युद्धात पेट्रोलला कूपन आलं. "आणि आता आमटीला," हे नाना अशा आवाजात सांगत, की एखादं राजघराणं रस्त्यावर आलं असावं. स्वतः ते आमटीच्या वाटेला जात नसत. त्यांचा डबा घरून येई.

एकाचं कूपन दुसऱ्याने वापरू नये म्हणून नानांचा नियम होता: कूपन पुस्तकातून त्यांच्यासमोरच कापायचं. सुटं बाद.

सत्तावन्न साल असेल. मशीनवरचा बाबूराव कुरुळीहून सायकलने येई. रांगेत वेळ जातो म्हणून त्याच्या बायकोने महिन्याचं अख्खं पुस्तक घरीच कापून दिलं.

"सुटं चालणार नाही," नाना म्हणाले.

"आवं, कापल्यालं पायजे म्हंता ना? विळीनं कापलंय. कड बघा, कशी सरळ हाय!"

"माझ्यासमोर कापलं का?"

"न्हाई. कोंबड्यांसमोर."

रांग खिदळली. नाना मात्र अडकले. कूपन घ्यावं तर नियम गेला. न घ्यावं तर हा गडी उपाशीपोटी संध्याकाळपर्यंत मशीनवर उभा. शेवटी त्यांनी स्वतःचा डबा बाबूरावापुढे सरकवला आणि आपण कँटीनचं ताट घेतलं.

डब्यात भरली वांगी होती. दुसऱ्या दिवशी बाबूराव पुन्हा सुटं कूपन घेऊन हजर. त्या दिवशी अळूची भाजी आणि शिरा.

तिसऱ्या दिवशी नानांनी त्याला दारातच गाठलं. "बाबूराव, आण ते कूपन. विळी तर विळी. फ्रेंचांना विळी कुठे ठाऊक होती!"

बाबूरावाने कूपनं खिशात खोल ढकलली. "आसं कसं, नाना? उद्या समदी सुटी आणतील. नेम म्हंजे नेम." मग डब्याकडे बघून, "आज काय दिलंय वहिनींनी?"

चार लोकांसमोर नानांना स्वतःचाच नियम मोडवेना. महिनाभर बाबूराव डबा जेवला आणि नाना आमटी. दुसऱ्या आठवड्यापासून आमटीत डाळ दिसू लागली.