टायरच्या कडा

घाट चढायचे म्हणून हौसेने घेतलेल्या रोड बाइकचे टायर काल बदलले. वळणावर न घसरणारे, जरा महागातले घेतले. सायकलवाल्या नझीरभाईंनी जुना टायर हातात फिरवून पाहिला. मधे पार गुळगुळीत झालेला, कडांवर मात्र रबराचे बारीक केस अजून तसेच.

"सर, तुम्ही कुठे वळतच नाही वाटतं?" ते हसत म्हणाले.

मीही हसलो, पण ते हसू टिकलं नाही. सात वर्षं घर ते शाळा, शाळा ते घर, एकच सरळसोट रस्ता. चढाने दमलो असतो तर निदान सांगता आलं असतं. सपाट रस्त्याने दमलो, हे कुणाला सांगणार?

परतताना चौकात घाटाचा फाटा लागला. मी क्षणभर ब्रेक दाबला. मग नवे टायर मुकाट्याने सरळ घरी आले.