देवघरातली बॅटरी

आमच्या सोलरच्या बॅटरीला हळदीकुंकू लागतं. हसू नका. केदारखेड्याच्या शेतातल्या घरी ती माझ्या लग्नाआधीच्या दसऱ्याला आली. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांनी तिला ओवाळलं आणि पुढच्या खोलीत देव्हाऱ्याशेजारी बसवलं. उजेड देणारी लक्ष्मी, ती देवापाशीच पाहिजे! मग आमच्या ह्यांनी घरात पडलेली बारीक वायर भिंतीभिंतीनं पार मागच्या स्वयंपाकघरापर्यंत नेली.

मी लग्न होऊन आले तेव्हा घरात ठरूनच गेलं होतं, की आत्याबाईंचे डोळे चालले. दिवसभर शेत, त्यामुळे निवडणं-टिपणं दिवेलागणीला. भातात खडे निघायचे. दिवसा त्यांना नीट दिसायचं, पण आधी रातीचं जातं, मग सगळंच, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. एकदा जेवताना ह्यांनी सांगून टाकलं, "आई, आता चूल हिच्याकडं दे." आत्याबाई ताटावरून उठल्या. मला फार लागलं ते.

पण मी आयटीआय केलेली वायरमन. डोळ्यांआधी मी दिवा तपासते. मीटर लावला. बॅटरीपाशी बारा व्होल्ट, बल्बपाशी नऊसुद्धा नाही! वायर लांब आणि बारीक, निम्मा जीव वाटेतच जात होता.

ह्यांनी जालन्याहून नवीन मोठा बल्ब आणला. तो जास्तच मिणमिणला.

"अहो, जितकं जास्त ओढाल तितकं वायरीत वाया जाईल," मी म्हटलं. "बॅटरी इकडं आणा, हातभर जाड वायर टाका, बस्स."

"लक्ष्मी जागची हलवायची न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

"अन्नपूर्णेची जागा कोणती, आत्याबाई? चूलच ना?"

आत्याबाईंनी बॅटरीला हात जोडले आणि वाटेतून बाजूला झाल्या. चुलीची धग लागू नये म्हणून मी बॅटरी दाराबाहेरच्या कोनाड्यात ठेवली आणि जुनाच बल्ब लावला. स्वयंपाकघर लख्ख उजळलं. माझंच काम, मीच खूश!

आत्याबाई सूप घेऊन बसल्या. एक खडा टिपला, लगेच दुसरा. मग हात थांबला.

"मंग माझे डोळे बराबर हाईत," त्या म्हणाल्या आणि हुंदका देऊन रडल्या.

हे धावत आले. "आई, काय झालं?"

"काय न्हाई रे. रोज डोळे मिटून घरातून चालून बघत होते मी. पुढं तसंच राह्यचं म्हणून सवय करून राह्यल्ते."