सासूबाईंनी रचलेलं सासूचं गाणं

सासुरवास गाण्यात कसा मांडावा हे माझ्या सासूबाईंइतकं कुणाला कळत नव्हतं. तो घरात कसा करावा, हेही. हसू नका, खरं सांगते.

लालबागच्या चाळीत त्यांची खाणावळ होती. कोकणातून एकटे आलेले गिरणीतले गडी दोन्ही वेळा जेवायला यायचे. भाकऱ्या थापायला मी. लग्न होऊन आले आणि परातीपुढं बसले, ती बसलेच. एकदा दूध उतू गेलं म्हणून त्यांनी तापलेलं उलथनं माझ्या मनगटाला लावलं. आमचे हे दाराशी उभे होते. टोपी घातली आणि गिरणीच्या पाळीला निघून गेले.

आता गाण्याचं सांगते. गौरीच्या दिवसांत चाळीतल्या बायका फुगड्यांना जमल्या की मधोमध सासूबाई. बुटक्या, सावळ्या, काष्टा घट्ट मारलेला. आवाज गोड नव्हता हो, कण्यांसारखा भरड होता. पण बाकीच्या बायका चेव येऊन वरच्या पट्टीत चढायला लागल्या की ह्या उलट खाली उतरायच्या. मग ऐकणारीला पुढं सरकून बसावंच लागायचं. गाणी रचायच्या त्याही स्वतःच. अक्षर एक येत नव्हतं. त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं हे:

सासूबाई, सासूबाई, तुझ्या दाराला कुलूप,
माय उभी उंबऱ्याशी, हाती वाटीत गं तूप.

लेक बाळंतपणाला येणार म्हणून आई न्यायला आलीय आणि सासू दार उघडत नाही. एवढंच गाणं. पुढच्या कडव्यांत वाटीतलं तूप हळूहळू थिजत जातं, आणि आई वाटी पदराखाली धरून तिला ऊब देते. शिव्याशाप नाहीत, छाती बडवणं नाही. मी पिठाच्या हातांनी दारात उभी राहून ऐकायचे आणि रडायचे. शेजारच्या मावशी कानाशी लागायच्या, "काय गं, ही स्वतःवरच गाणं जुळवते की काय?"

"नाही हो मावशी, त्यांच्या सासूवर."

आणि ते खरंच होतं. गावी त्यांनाही माहेरी सोडलेलं नव्हतं. त्यांची आई त्यांना न भेटताच गेली. ज्या घरात त्या गाणं शिकल्या, त्याच घरात उलथनंही शिकल्या असणार.

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. सासूबाईंनी त्या गाण्यात एक शब्द बदलला, 'दिल्ली सासूबाई' केलं. झालं! मुंबई झाली कोंडलेली लेक, उंबऱ्याशी उभी माय झाली महाराष्ट्र. प्रभातफेरीत हे गाणं निघालं की खिडक्या उघडायच्या, बायका अर्ध्या वेणीनं खाली उतरायच्या. गिरणीतले दांडगे गडी तोंड फिरवून डोळे पुसायचे. मला केवढा अभिमान वाटायचा! सांगायचे सगळ्यांना, आमच्या सासूबाईंचं आहे म्हणून.

त्याच दिवसांत मला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी जायचं. माहेर कुठं लांब नव्हतं. वडाळ्याला, रेल्वेच्या यार्डामागं. आई डिंकाचे लाडू घेऊन मला न्यायला आली. सासूबाईंनी डबा आत घेतला आणि आईला दारातूनच परत लावलं, "खाणावळ कोण बघतला? मागाहून बघू." आई जिना उतरेपर्यंत मी परातीपुढून उठले नाही. उठवेना.

पुढं परळच्या मैदानात बायकांची सभा ठरली, आणि नेमका सासूबाईंचा आवाज बसला. रोजच्या फेऱ्या, घोषणा, नुसती हवा निघायची तोंडातून. गाणं सगळंच्या सगळं येत होतं मला एकटीला.

मावशींनी मला नळावर गाठलं. "आता अडव तिला. म्हण, माहेरी धाडा, तर गाते."

मला ते जमेना. भीती होतीच, नाही कशाला म्हणू? पण ते गाणं दुसरी कुणी घाईघाईत उरकेल, हे त्याहून सोसवेना. माझी लेक आता मला विचारते, असल्या बाईचं गाणं तू जपलंस कशाला? मी तिला म्हणते, बाई, गाणं चांगलं म्हणून मी त्यांना उलथनं माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही. पण उलथन्याच्या रागानं गाणं चुलीत घालू? त्यातली उंबऱ्याशी उभी राहिलेली आई माझीसुद्धा होती.

सासूबाईंनी मला चुलीपाशी बसवून शिकवलं, कुजबुजत. मी दुसऱ्याच कडव्याला रडले. तशी त्यांनी माझी हनुवटी धरून वर केली.

"रडतंस कित्याक गो? गाणारीन रडाचा नाय. तूप थिजताना बायकांका दिसाक होया. तुझी आसवां मधी इली तर तूप कसा दिसतला?"

एवढं बारीक मला त्यानंतर कुणी शिकवलं नाही.

सभेला बायकाच बायका. सासूबाई माझ्याशेजारी उभ्या. मी गायले, आणि रडले नाही. समोर मात्र पदर डोळ्यांना लागले. गाणं संपलं तशी पुढच्या रांगेतली एक म्हातारी कोळीण उठून उभी राहिली.

"पोरी, कितवा गं तुला?"

"सातवा सरत आला."

"मग म्हायेरी कंदी जातंय?"

लाऊडस्पीकर चालूच होता. सगळ्या मैदानानं ऐकलं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

"उद्या," मी म्हणाले.

टाळ्या काय पडल्या! म्हातारी म्हणाली, "सासू गुनाची दिसते तुजी."

"गाणं त्यांचंच आहे," मी म्हटलं. खोटं काय बोलायचं?

घरी आलो. सासूबाई काढ्याचा पेला घेऊन भिंतीला टेकून बसल्या. कुजबुजल्या, "तिसऱ्या कडव्याक घाई केलंस. वाटी पदराखाली घेतलंस आणि लगेच फुडं गेलंस. थयसर थांबाक होया."

सकाळी त्यांनी परात स्वतःपुढं ओढली. ओटी भरली नाही, सावकाश जा म्हणाल्या नाहीत, पुढं नातीला बघायलाही आल्या नाहीत. नुसता भाकरीच्या पिठानं माखलेला हात दाराकडे केला.

यांनी माझी ट्रंक उचलली आणि आम्ही वडाळ्याच्या रस्त्याला लागलो. हे काहीबाही बोलत होते, माझं लक्ष नव्हतं. मी तोंडातल्या तोंडात तिसरं कडवं म्हणत होते. वाटी पदराखाली घेतली आणि थांबले, एक श्वासभर. अंगावर काटा आला. बरोबर होतं त्यांचं. तिथं थांबायलाच हवं होतं.