उंबऱ्याबाहेरचे मोईजभाई

अकोल्यात आकोट फाइल वस्तीतल्या आमच्या गल्लीत उन्हाळ्याची वर्दी मोईजभाई द्यायचे. होळीच्या आसपास त्यांच्या दुकानातून रेझिनचा उग्र, गोडसर वास निघायचा आणि आई म्हणायची, "लागला वाटतं मोईज टाक्या भरायले." टाक्या म्हणजे कूलरच्या. फायबरच्या पांढऱ्या चटया साच्यावर अंथरून, ब्रशने रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट रस, चोपडून ते टाक्या तयार करायचे. रस्त्याच्या कडेला त्या ओळीने उपड्या पडलेल्या असायच्या आणि आम्ही मुलं त्यांच्या आड लपायचो. संध्याकाळी फायबरच्या बारीक कुसांनी अंग खाजायचं. मग शाइस्ताभाभी, म्हणजे त्यांची बायको, खोबरेल तेल लावून द्यायच्या आणि नवऱ्याच्या नावाने बोटं मोडायच्या.

दुकानाच्या पुढच्या खोलीत शाइस्ताभाभींचं शिलाईमशीन होतं. ब्लाउज, लहंगे, ईदच्या वेळी शरारे. मागच्या खोलीत मोईजभाईंचं काम. मधे फक्त एक उंबरा. दोघं आपसात उर्दू बोलत, आमच्याशी वऱ्हाडी.

मी कॉलेजात असताना पोरांमध्ये मोटारसायकलीला कार्बनचं कापड चढवून घेण्याची टूम निघाली. मोईजभाईंनी ते काम स्वतःच, कापड वाया घालवून घालवून शिकून घेतलं. पहिल्यांदा त्यांनी मला ते कापड दाखवलं तेव्हा मी बघतच राहिले. काळंभोर, चटईसारख्या तिरप्या विणीचं, जरा हलवलं की आतून रुपेरी लकेर पळायची.

"रेशमासारखं हाये न, चारू?" ते म्हणाले. "पण लय नखरेल. कडा उसवते, वीण सरकते. म्हणून कापून तुई भाभीच देते."

कूलरच्या टाक्या पुढे बाजारात तयार प्लास्टिकच्या यायला लागल्या. मोईजभाईंकडे मात्र मडगार्ड, आरशांची टोपणं, टाकीवरची झाकणं येत राहिली. या कामाचं इपॉक्सी रेझिन वेगळं. त्याला तसा उग्र वास नव्हता. त्यामुळेच की काय, त्यांना त्याची भीती वाटली नाही. हातमोजे खिळ्याला टांगलेले असायचे. "मोज्यातून कापड समजत नाई," म्हणत ते उघड्या बोटांनीच सुरकुत्या काढायचे.

मग मला अमरावतीला शिक्षिकेची नोकरी लागली आणि गल्ली सुटली. एका मे महिन्यात सुट्टीला घरी आले, तर मोईजभाई दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसलेले. दोन्ही हातांना सुती पट्ट्या. आधी बोटांच्या बेचक्यात खाज, मग फोड, मग कातडी भेगाळलेली. पापण्याही सुजल्या होत्या. अमरावतीच्या चामडीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की तुमच्या अंगाने आता या रेझिनशी वैर धरलं आहे, ते उलटायचं नाही. हात लावायचा नाही, आणि जिथे कालवतात तिथे उभंही राहायचं नाही.

"एवढी वर्सं जेच्यावर पोट भरलं, तेच अंगावर धावून राहिलं," ते म्हणाले आणि हसले. ते हसू मला बघवलं नाही.

त्याच दिवशी उद्धव आला. तो शेंदूरजनाघाटचा, संत्र्याचा बागायतदार. वडिलांची जुनी राजदूत मोटारसायकल त्याने दुरुस्त करून घेतली होती. तिची बाजूची दोन झाकणं आणि दिव्यावरची टोपी कार्बन चढवायला मोईजभाईंकडे महिनाभर पडून होती. मोईजभाईंनी त्याला ती परत न्यायला सांगितली. उद्धव पिशवी उघडायला लागला. तेवढ्यात मशीन थांबलं.

"राहू द्या, भाऊ," शाइस्ताभाभी आतून म्हणाल्या. "मी करतो."

"तू?" मोईजभाई म्हणाले.

"मंग कोन? कापड मीच कापून राहिली न इतके दिवस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आधी, भाभींनी मला कापडाचं दुसरं टोक धरायला मागच्या खोलीत बोलावलं. अकोल्याच्या मेमध्ये रेझिनमध्ये ते घट्ट करणारं हार्डनर कालवलं की ते वाटीतच तापून आवळतं, म्हणून घाई होती. आम्ही दोघींनी हातमोजे चढवले. मोईजभाई मागच्या अंगणात, दारापासून दूर, वारा येतो त्या बाजूला बसले आणि तिथूनच ओरडायला लागले.

"हार्डनर तोलून घे, अंदाजानं नाई! आधी काळा हात मार, पातळ."

भाभींनी खरवडून पुसलेल्या झाकणावर काळं रेझिन फिरवलं. मग थांबायचं होतं. थांबणं हेच त्यात सगळ्यात कठीण.

"बोट टेकव. चिकटते?"

"चिकटते."

"बोटाले काळं लागलं काय?"

"नाई."

"मंग टाक कापड!"

दोन्ही झाकणं सरळ होती, कापड मुकाट्याने बसलं. दिव्याची टोपी मात्र गोल. कितीही दाबलं तरी एका बाजूला चुणी राहायची.

"कातर दे तिथं," मोईजभाई उठून उभे राहिले.

"कातर देल्ली तं जोड दिसन. गोल बाहीले मी कातर देतो काय?" भाभींनी कापड अलगद उचललं, तिरपं फिरवलं आणि मला म्हणाल्या, "उरेबात वढ. हळू."

मी कोपऱ्याकडे तिरपं ओढलं. वीण जराशी कलली आणि कापड टोपीवरून उतरत गेलं, शाल खांद्यावरून उतरावी तसं. चुणी गेली. मोईजभाई नकळत दारापर्यंत आले होते. भाभींनी मान वर न करता म्हटलं, "मांगं व्हा तुमी."

ते मागे झाले. नंतर मी हात धुवायला नळावर गेले तेव्हा ते तिथे उभे होते.

"चांगलं बसवलं तिनं," ते म्हणाले. "मी कातरच देल्ली असती." मग पट्टीचं टोक खोचत, "पन चारू, सकाळपासून ह्या हाताले कळूनच नाई राहिलं, कुठं ठेवावं."

काम काही एका फटक्यात साधलं नाही. वरचे रेझिनचे हात झाल्यावर घासताना भाभींनी घाई केली आणि एका झाकणावर वीण उघडी पडली. पुन्हा हात मारावे लागले. उद्धव न्यायला आला तेव्हा टोपीवरून बोट फिरवून म्हणाला, "बाबा असते तं म्हनले असते, चांगल्या लोखंडाले कपडे कायले घातले?" भाभी हसल्या. बऱ्याच दिवसांनी मोईजभाईही मनापासून हसले.

हात बरे झाल्यावर ते रिकामे बसेनात. एक दिवस भाभींच्या मशीनवर बसले. पहिली शिवण सापासारखी गेली. पुढे उशांचे अभ्रे, मग शाळेचे गणवेश. आता बायकांची मापं भाभी घेतात, कापतात, आणि मोईजभाई शिवतात. मागची खोली भाभींची. पुढच्या खोलीतलं मशीन खिडकीपाशी, हवेशीर जागी नेलंय आणि मधल्या दाराला जाड पडदा लावलाय. गल्लीतल्या बायका आधी तोंडाला पदर लावून हसायच्या. आता कुणी हसत नाही.

परवा दिवाळीत गेले होते. गल्लीतली आमच्या वेळची बरीच घरं बदललीत, रस्ता सिमेंटचा झालाय, लपायला जागा उरली नाही. भाभी पडद्याआडून एक मडगार्ड घेऊन आल्या. पुरतं वाळलेलं, धुतलेलं. वाळलेल्या कामाला हात लावायला डॉक्टरांची मनाई नाही. मोईजभाईंनी पाय मशीनवरून काढला, मडगार्ड दारात उन्हाला नेलं आणि तळवा त्यावरून सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला. काळ्या विणीतून रुपेरी लकेर पळाली.

"इथं जरा खालवर हाये," ते म्हणाले.

"मालूम हाये मले. अजून एक हात मारतो," भाभी म्हणाल्या.

"मार. पन घाई नोको करू."

भाभी मडगार्ड घेऊन आत गेल्या. मोईजभाईंनी सुईत दोरा ओवला आणि मला विचारलं, "चहा घेशीन न, बेटा?"