फ्रिस्कोत पाणी गेलं तेव्हा

आता माझ्याच तोंडाने माझी फजिती काय सांगू! पण नात गावभर सांगत सुटली आहे. तिच्यापेक्षा मी सांगितलेली बरी.

टेक्सासात थंडी नसते म्हणून लेकाने मला हिवाळ्यात फ्रिस्कोला आणलं. आणि आल्या आल्या असा कडाका पडला, की अंगणातलं गवत पायाखाली कुरडईसारखं मोडायला लागलं!

सकाळी नितीन म्हणाला, "आई, सगळे नळ बारीक सोडलेत. बंद करू नकोस हं. पाइप गोठला तर फुटतो, मग घरभर पाणी. सिंकखालचं कपाटही उघडंच असू दे, आत ऊब गेली पाहिजे."

"आणि आई, फ्लोअर नवीन आहे," सून पल्लवी दारातून म्हणाली. लाकडी जमीन तिने फार हौसेने बसवून घेतली होती. ती ड्यूटीवर गेली, नितीन वर मीटिंगला बसला. नात रियाची शाळा बंद, ती सोफ्यावर.

मी एकटी स्वयंपाकघरातल्या नळासमोर. टप्... टप्... टप्!

आमच्याकडे आठवड्यातून एकदा नळ येतो हो! चांगलं पाणी मोरीत जाताना बघवेल का? मी खाली पातेलं ठेवलं. मग कुकर. मग कढई. मग पल्लवीचे काचेचे पेले. सगळं भरलं. आता?

म्हटलं, घटकाभर बंद केला तर काय होतंय? केला बंद. उघडं कपाटही बरं दिसेना, तेही लावून टाकलं.

स्वयंपाकाच्या वेळी नळ उघडला, तर थेंब नाही!

दुसरी कुणी घाबरली असती. मी कशाला घाबरू? पाणी जाणं हे काय मला नवीन आहे? पाणी गेल्यावर बाई जे करते तेच केलं. मोठं पातेलं लावलं, नळ पूर्ण उघडा ठेवला, म्हणजे आलं की कळतं. वरून सांडलेलं भांड्यांना होईल म्हणून सिंकला बूचही घट्ट बसवलं. एवढी शहाणी मी!

मग हॉलमध्ये बसून धाकट्या बहिणीला, सुमनला, व्हिडिओ कॉल लावला. "अगं, काय सांगू, इथली माणसं पाणी नुसती सोडून देतात. मी होते म्हणून वाचवलं!"

"अक्का, तुमच्याकडे पाऊस लागलाय का गं?"

"छे! ऊन पडलंय छान."

"मग धो धो कसला आवाज?"

"हीटर असेल. इथे सगळंच घुरघुरतं."

तेवढ्यात माझे मोजे गार लागले. खाली बघते तर काय, पल्लवीच्या हौसेच्या जमिनीवरून पाणी सरळ हॉलमध्ये माझ्या भेटीला आलेलं!

"आजी! ओ माय गॉड! डॅडी!" रिया ओरडली.

नितीन धडाधड खाली आला. "पाइप फुटला! पाण्याचा मेन कॉक बंद करतो!" म्हणत अर्ध्या चड्डीतच त्या थंडीत बाहेर पळाला. मी गुपचूप जाऊन नळ बंद केला. रिया बघत होती. मी तिला डोळ्याने दटावलं.

कुडकुडत नितीन आत आला. "थांबलं ना? बघ, मेन बंद केला म्हणून वाचलो!"

"हो रे माझ्या राजा," मी म्हटलं.

घरातले सगळे टॉवेल, माझी दोन लुगडी, सगळं जमिनीवर अंथरलं. एक फळी तेवढी फुगली, बाकी वाचली. मग नितीन बॅटरी घेऊन सिंकखाली शिरला. पाइप चाचपला. इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"आई, पाइप तर धड आहे. मग पाणी आलं कुठून?"

"कुठून म्हणजे? नळाला आलं!"

आता कडाक्याचा अंदाज आला, की नितीन सगळे नळ बारीक सोडतो, सिंकखालचं कपाट उघडतो, आणि मला गाडीत घालून माझ्या इथल्या मैत्रिणीकडे पोचवून येतो.