शिखरसम्राटाचा नवा सिलिकॉन

विद्यार्थी त्याला पाठीमागे शिखरसम्राट म्हणत. आलेखावर कुठे जरा टोक वर आलं, की या प्राध्यापकाला त्यात शोध दिसायचा. अक्कल बेताची, घसा मात्र दणदणीत.

त्याच्या प्रयोगशाळेत एक जबरदस्त चुंबक होता. घन पदार्थाची पूड बोटाच्या पेराएवढ्या नळीत ठासायची, नळी चुंबकात तिरकी ठेवून भन्नाट वेगाने फिरवायची आणि रेडिओलहरी सोडायच्या. आतला प्रत्येक अणू शेजारी कोण बसलंय त्याप्रमाणे उत्तर देतो आणि आलेखावर शिखरं उमटतात. हा मात्र अशा थाटात सांगायचा, जणू अणू त्याला विचारूनच जागा धरतात.

त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, काचेच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होता. त्याने काचेचा एक नमुना तपासायला दिला. आलेखात नेहमीच्या पसरट उंचवट्याशेजारी एक टोकदार सुळका निघाला. झालं! काचेत सिलिकॉनची आजवर कुणी न पाहिलेली रचना सापडली, असं सम्राटाने जाहीर करून टाकलं. परिषदेत व्याख्यान ठरलं, नवा कोट शिवला गेला.

परिषदेच्या आधी मेहुणा जेवायला आला, तेव्हा त्याला तो आलेख मोठ्या कौतुकाने दाखवण्यात आला. हा सुळका नायट्रोजनला चिकटलेल्या सिलिकॉनचा वाटतो आणि आमच्या काचेत नायट्रोजन औषधालाही नाही, असं म्हणून त्याने विचारलं, "भावोजी, नळी कशाची आहे?"

"सिलिकॉन नायट्राइडची. सगळ्यात भक्कम. का?"

"मग एकदा रिकामी फिरवून बघा ना."

सम्राट हसला. रिकाम्या नळ्या फिरवायला हा काही कारखाना नाही, असं त्याने सुनावलं आणि भावाला आवर म्हणून बायकोला सांगितलं. तिने भावाला आणखी एक पोळी वाढली.

भर परिषदेत एका ज्येष्ठ बाईंनी उठून नेमका तोच प्रश्न विचारला. सम्राटाने वेळ संपल्याचं सांगून व्यासपीठ सोडलं. परत आल्यावर त्याने गुपचूप रिकामी नळी फिरवली. सुळका जागच्या जागी. नळी स्वतःचाच, नायट्रोजनला चिकटलेला सिलिकॉन दाखवत होती.

लाज वाटली असेल? छे. नळी बनवणाऱ्यांनी फसवलं, विद्यार्थ्यांनी हलगर्जीपणा केला, मेहुण्याने नीट समजावलं नाही. स्वतःला सोडून सगळ्यांच्या नावाने खडे फोडून झाले. वर्षभरात गडी पुन्हा व्यासपीठावर चढला. विषय, मोजमापातली सावधगिरी. आधी नळी रिकामी फिरवून बघा, असं दणदणीत आवाजात बजावतो. लोक माना डोलावतात, टाळ्या वाजवतात.

बायको मात्र जात नाही. त्याने कारण विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "माझ्या भावाचं बोलणं मी घरातच ऐकलंय."

त्याला काही कळलं नाही. पुढच्या वेळी तुला पहिल्या रांगेत जागा ठेवतो, म्हणाला.